उस्ताद जाम्स्रानचा कान

जाम्स्रान उस्तादाचा कान चुकला असं गावात कुणी म्हटलं असतं, तर लोकांनी आधी त्याचंच डोकं तपासलं असतं. चाळीस वर्षं मालट्रक हाकलेला माणूस. डाव्या हाताची दोन बोटं थंडीने खाल्लेली, उजव्या मनगटावर जुनं रशियन घड्याळ, तेही बंद. आणि कान असा की रस्त्याने गाडी गेली तर घरात चहा पिता पिता सांगणार, हिचा तिसरा प्लग गेलाय. गाडीला हात लावायचा नाही, बॉनेट उघडायचं नाही. डोळे मिटून दोन मिनिटं उभं राहायचं आणि बोट दाखवायचं. बोट दाखवलं तिथेच रोग निघायचा. गावातल्या एकुलत्या एका गरम गॅरेजचा मालक दाम्बा याच कानाच्या शिकवणीतून तयार झाला होता, आणि उस्तादाची लेक चोल्मोनसुद्धा.

असा हा कान गेले नऊ आठवडे सपशेल चुकत होता, आणि तोही स्वतःच्या पोरीच्या गाडीबद्दल.

गाडी राखाडी रंगाची, जपान्यांनी वापरून सोडलेली. सकाळी सुरू व्हायची, नाही असं नाही. पण सुरू झाली की अशी ठोके चुकवत मिसिंग मारायला लागायची, की स्टेअरिंगवर ठेवलेला हात कोपरापर्यंत हलायचा. पाय दाबून रेस देत बसलं तर जिवंत. पाय उचलला की दोन आचके आणि ठप्प. तीच गाडी पंधरा मिनिटं तापली की कशी गरीब गाय. मग तुम्ही कितीही वेळ उभी ठेवा, आवाज कमी करून गाणं ऐकावं इतकं शांत इंजिन. थंड असताना थडथड, गरम झाली की सोवळी. असला रोग माणसात असता तर त्याला लोक ढोंगीच म्हणाले असते.

आणि मंगोलियातल्या झावखानच्या त्या खोऱ्यात थंडी म्हणजे काय, हे काय सांगायचं. तिथे हिवाळा नवकांत मोजतात, नऊ दिवसांचं एक नवक, अशी नऊ. पहिल्या नवकात दुधाची दारू गोठते, तिसऱ्यात तीन वर्षांच्या बैलाचं शिंग तडकतं. आता चौथं चालू होतं, म्हणजे चार वर्षांच्या बैलाची पाळी. सकाळी उणे सदतीस. वाऱ्याचं नाव नाही. चुलींचा धूर सरळ काठीसारखा वर जायचा आणि डोंगरांच्या माथ्याएवढा चढला की आडवा पसरून गावावर झाकण घालायचा. त्या झाकणाखाली चोल्मोन नऊ वर्षं बसली होती.

खरं तर ती आली होती एकोणपन्नास दिवसांसाठी. आई गेली तेव्हा ती उलानबातरला गाड्यांच्या कामाचं शिक्षण घेत होती, दुसरं वर्ष. आईच्या दुखवट्याचे एकोणपन्नास दिवस होईतो बापाजवळ राहावं आणि परत जावं, असा बेत. मग म्हटलं, हिवाळा सरू दे. मग बापाची छाती भरली. मग थोरला भाऊ कोरियाला कामाला गेला तो तिकडचाच झाला, नव्या वर्षाला फोन करायचा आणि विचारायचा, "बाबा बरे आहेत ना? तू आहेस म्हणून काळजी नाही बघ." हे वाक्य ऐकलं की चोल्मोनला फोन बर्फात फेकून द्यावासा वाटायचा. कुणाची काळजी मिटावी म्हणून कुणी तरी आत अडकून बसायचं, आणि वर ते कौतुक ऐकायचं. पाणी आणायचं, कोळसा फोडायचा, दाम्बाकडे दिवसभर हात काळे करायचे, संध्याकाळी परत यायचं. एकतीस वर्षांची झाली ती यात.

बापाने मात्र तिला कधी थांब म्हटलं नाही. हे प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे. उलट कुणी विषय काढला की तोच म्हणायचा, जाऊ दे की तिला, मी काय तान्हं बाळ आहे?

नोव्हेंबरात फोन आला. दूरदूरच्या दवाखान्यांना औषधं पोचवणाऱ्या एका संस्थेला ड्रायव्हर हवा होता. गाडी स्वतःची आणावी, रस्त्यात बिघडली तर स्वतः दुरुस्त करावी. चोल्मोनला वाटलं, ही जाहिरात आपल्याला समोर बसवूनच लिहिलीय. अट एकच होती. आदल्या संध्याकाळी गाडी त्यांच्या उघड्या अंगणात आणून लावायची. रात्रभर ती तिथे गोठणार. सकाळी आठला किल्ली फिरवायची, पाय काढायचा, आणि इंजिन पाच मिनिटं आपल्या आपण चाललं पाहिजे. फोनवरचा माणूस म्हणाला होता की ताई, आमच्याकडे गरम गॅरेज नाही आणि रस्त्यावर तर मुळीच नसतं.

त्याच आठवड्यात गाडी थडथडायला लागली. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हा.

पहिल्या वेळी बाप अंगणात उभा राहिला, डोळे मिटले आणि म्हणाला, प्लग. शहरातून बसने प्लग मागवले, दोन आठवडे गेले. बदलले. थडथड तशीच. मग म्हणाला, कॉइल. पुन्हा बस, पुन्हा दोन आठवडे. मग पेट्रोलात पाणी. मग थ्रॉटल घाण झालंय. दाम्बा प्रत्येक वेळी गाडी ढकलत आपल्या गॅरेजात घ्यायचा, शेगडी पेटवायचा, चहा व्हायचा, आणि बॉनेट उघडेपर्यंत इंजिन मऊ होऊन घुमायला लागलेलं असायचं. तो मान हलवून सांगायचा, हिला काहीही झालेलं नाही. उणे सदतीसमध्ये उघड्यावर, उघड्या हातांनी इंजिन तपासायला कोण उभं राहणार? लोखंडाला बोट लागलं की कातडं तिथेच राहतं. त्या मुलखात गाडी बिघडली की आधी उबेत घ्यायची, मग पाहायची. आजवर कुणी दुसरं केलंच नव्हतं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा तो कारभार झाला. चोल्मोन स्वतः मेकॅनिक, पण तिनेही तेच केलं. शिकवणारा एकच असला की चुकाही सगळ्यांच्या एकसारख्याच होतात.

दाम्बा तिला चिडवायचा. गाडीखालून त्याचा आवाज यायचा, "उस्तादांचीच पोरगी तू. गाडी थंडीत अडली ना, तर आसपास कुणी पोरगा दिसतो का बघ. तुमच्या घराण्यात लग्नं अशीच जुळतात."

ही गोष्ट गावात सगळ्यांना पाठ होती. तरुणपणी जाम्स्रानचा ट्रक एका धनगर कुटुंबाच्या हिवाळी तळापाशी अडला. दिवसा ठीक, पण पहाटे इंजिन थरथरायचं आणि बंद पडायचं. ताफ्यातले बाकीचे ट्रक पुढे गेले, हा चार दिवस त्या तंबूत राहिला, आणि पाचव्या दिवशी निघाला तो त्या घरच्या यांजमाला लग्नाचं विचारूनच. यांजमा म्हणजे चोल्मोनची आई. ती ही गोष्ट ऐकताना नेहमी ओठ दाबून हसायची आणि म्हणायची, देवाला काळजी बाई माझी, म्हणून त्याने इंजिन अडवलं.

तर, संस्थेकडे दोनदा मुदत मागून झाली होती. पहिल्या वेळी निघायच्या सकाळी बाप म्हणाला की पहाटे थरथरणारी गाडी खिंडीपलीकडे नेऊ नये, आणि ड्रायव्हरांचा तो नियमच आहे, म्हणून ती थांबली. दुसऱ्या वेळी नियम मोडून, निरोपाला न थांबता निघाली. खिंडीत एक फसलेला ट्रक बर्फातून काढायला उतरली, तासभर गेला, तेवढ्यात तिचं इंजिन गार झालं आणि पाय दाबून ठेवला तरी पुन्हा चालू राहीना. चार तास ती त्या उतारावर होती. तो ट्रक अखेर सुटला आणि त्यानेच दोर बांधून तिला परत आणलं, तेव्हा तिचा डावा गाल थंडीने काळा पडला होता. त्या संध्याकाळी बाप जेवला नाही. कोपऱ्यात बसून आपल्या सुरीने हाडावरचं मांस नुसतं खरवडत राहिला. चोल्मोनला वाटलं, स्वतःचा कान चुकला म्हणून म्हातारा खचलाय.

आणि तिथेच ती खरी अडकली. पाणी, कोळसा, औषधगोळ्या, सगळं शेजारच्या हांदा मावशीला सांगून ठेवता येण्यासारखं होतं, सांगितलंही होतं. पण ज्या माणसाचा कान गेला त्याच्याजवळ उरलं काय? त्याला असं टाकून निघायचं कसं? रात्री ती अंथरुणात पडून बापाची घरघर ऐकायची आणि मनात म्हणायची, यांचं मरण माझ्या पायात बांधलंय. लगेच स्वतःचीच लाज वाटायची.

फोनवरचा माणूस भला होता, तरी किती वेळा भला राहणार? म्हणाला, येत्या सोमवारी शेवटचं. नाहीतर दुसरा माणूस तयार आहे. रस्ता साडेआठशे किलोमीटरचा. रविवार संध्याकाळपर्यंत त्या अंगणात उभं राहायचं तर शनिवारी सकाळी निघणं भाग होतं. आणि शनिवारी दाम्बा गॅरेजला कुलूप लावून भाच्याच्या लग्नाला गेलेला.

सूर्य नुकता डोंगरावर आला होता. चोल्मोनने इंजिनावरचा नमदा काढला. मेंढीच्या लोकरीचा हा जाड नमदा रोज संध्याकाळी इंजिनावर घालणं, कडा नीट खोचणं, हे बापाचं काम. ते तो दुसऱ्या कुणाला करू देत नसे. नऊ वर्षांत एक संध्याकाळ चुकली नव्हती. तिने गाडी सुरू केली. थडथड, थडथड. तिने पायाने रेस धरून ठेवली आणि डोळ्यांत पाणी आलं तर तेही गोठेल म्हणून वर बघत बसली.

एवढ्यात हांदा मावशी फाटकातून आली. हातात जुना लोखंडी डाव, डावात निखारे, निखाऱ्यावर डोंगरातल्या झुडपाचा वाळलेला पाला. धुपाचा वास अंगणभर झाला. मावशीचं म्हणणं साधं होतं. एकाच खिंडीतून गाडी परत येते म्हणजे दृष्ट लागलीय, धूप फिरवल्याशिवाय ती पार व्हायची नाही.

जाम्स्रान दारातून म्हणाला, "हांदा, इंजिनाला धूप दाखवून प्लग दुरुस्त होत नसतो. ने ते घरी."

चोल्मोनच्या हे लक्षात राहिलं. कारण चाळीस वर्षांत बाप धूप फिरवल्याशिवाय फाटकाबाहेर पडला नव्हता. ट्रकच्या चारी चाकांना, आरशांना, स्टेअरिंगला, आणि आई धूप विसरली तर तिच्या नावाने ओरडायचा. आज तो लगबगीने पायऱ्या उतरून आला आणि म्हणाला की गाडी दाम्बाकडे लोटत नेऊ, त्याची बायको कुलूप उघडून देईल, उबेत बघू काय ते. पण हांदा मावशी कुणाचं ऐकणारी नव्हती. पोरगी परत आली तेव्हा तिच्या गालाला चरबी तिनेच चोळली होती. ती म्हणाली, बॉनेट उघड. चोल्मोनने पायाच्या जागी ॲक्सिलरेटरवर एक वीट टेकवली आणि बॉनेट उघडलं. थोरल्यांना नाही म्हणायचं नसतं, एवढंच तिच्या मनात होतं.

मावशी पुटपुटत डाव फिरवू लागली. वारा नव्हताच. इंजिन थंड, त्यामुळे त्याचा पंखाही बंद. डावातला धूर सरळ वर जात होता. समोर सरळ, उजवीकडे सरळ. मावशीचा हात इंजिनाच्या पाठीमागे गेला आणि धूर वाकला. वर जायचं सोडून तो खाली वळला, एका फटीत शिरला, कुणी ओढून घ्यावा तसा.

मावशीने डाव तिथेच धरून ठेवला. म्हणाली, बघ, धूर पितोय कुणीतरी. आत बसलाय.

चोल्मोन पुढे झाली. तिने हातमोजा काढला. मनातल्या मनात तिला एकच शब्द ऐकू येत होता, हवा. इंजिन हवा घेतंय. प्लग नाही, कॉइल नाही, पेट्रोल नाही. कुठल्या तरी भेगेतून फुकटची हवा आत जातेय. थंडीत रबर ताठ होतं, भेग आ वासते. गरम झालं की रबर मऊ पडून भेग मिटते, म्हणून गॅरेजात कधीच काही दिसलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा. शिकाऊ पोराला कळावं असं होतं हे. आणि हे बापाच्या कानाला कळलं नाही? हवा घेणाऱ्या इंजिनाची शीळ तो झोपेत ओळखायचा.

तिने इंजिन बंद केलं आणि हात मागे घातला. बोटाएवढा जाड रबरी पाईप. वरून तपासला तर धडधाकट. खालच्या अंगाला, क्लिपच्या जवळ, बोट भेगेत गेलं. वरून नजर टाकून कधीच न दिसणारी जागा. तिथे हात जातो तो फक्त डावीकडून, वाकून, नमद्याची कड खोचताना जसा जातो तसा. तिने क्लिप सैल केली, पाईप ओढून काढला आणि उन्हात धरला.

रबर जुनं होऊन फाटतं तेव्हा त्याच्या कडा खरखरीत असतात, बारीक बारीक तडे असतात. ही भेग तिरकी होती, सरळ होती, आणि तिच्या कापलेल्या अंगावर मधोमध एक बारीक उठलेली रेघ होती.

ती रेघ चोल्मोनने आयुष्यभर पाहिली होती. बापाच्या सुरीच्या पात्याला एक खाच आहे. त्या सुरीने कापलेल्या मांसाच्या प्रत्येक फोडीवर अशीच रेघ उठते. लहानपणी ती त्या रेघेवरून जीभ फिरवायची आणि आई रागवायची.

किती वेळ ती तशी उभी होती कोण जाणे. बोटं बधिर झाली तेव्हा भानावर आली. पहिल्यांदा मनात आलं ते हे की बाबांचा कान शाबूत आहे. देवा, शाबूत आहे. आणि त्या आनंदाच्या पाठोपाठ असा संताप चढला की पायाखालचा बर्फ तिला लाल दिसला. प्लग म्हणताना, कॉइल म्हणताना, डोळे मिटून उभं राहताना तो ऐकत होता आणि खोटं बोलत होता. कुंपणच शेत खात होतं. आणि मग तिला तो चार दिवस अडलेला ट्रक आठवला, पहाटे थरथरणारा, दिवसा ठीक असणारा. आईचं ओठ दाबून हसणं आठवलं. आख्खं गाव जी गोष्ट देवाच्या नावावर खपवत होतं, ती एका सुरीची होती.

कापलेलं टोक तिने आपल्या चाकूने छाटून टाकलं, पाईपला ढील होती ती ओढून घेतली, पुन्हा बसवला, क्लिप आवळली. दोन मिनिटांचं काम. नऊ आठवडे गेले होते या दोन मिनिटांपायी. वीट काढली, किल्ली फिरवली. इंजिनाने एकदा घसा साफ केला आणि मग चालत राहिलं, एकसारखं, पाय न लावता. हांदा मावशी डावाकडे बघून हात जोडत होती. तिला वाटायचं ते वाटू द्यावं. धुपाचा वाटा होताच.

घरात जाताना चोल्मोनने ते छाटलेलं टोक मुठीत घेतलं. बाप केव्हाच आत येऊन चुलीपाशी बसला होता. त्याला सांगायची गरज नव्हती, भिंतीपलीकडून इंजिन ऐकू येत होतं. तिने ते टोक त्याच्यासमोर, चहाच्या वाटीजवळ ठेवलं.

"मी मेले असते खिंडीत," ती म्हणाली.

त्याने टोक उचललं नाही. "वाटलं, तू खिंडीपर्यंत जाणारच नाहीस. नियम मोडशील असं वाटलं नव्हतं."

"आणि परत आल्यावर? तेव्हा तरी सांगायचं होतं."

"सांगितलं असतं तर तू गेली असतीस." त्याने मान वर केली नाही. "रोज संध्याकाळी ठरवायचो, आज पाईप बदलतो. नमदा घालायला जायचो. हात तिथवर जायचा आणि परत यायचा."

चोल्मोनला खूप बोलायचं होतं. नऊ वर्षांचं होतं सगळं. आपलेच दात आणि आपलेच ओठ. चावायचं तरी कुणाला? ती एवढंच म्हणाली की तोंडाने थांब म्हणायचं होतं, एकदा तरी म्हणायचं होतं, मी भांडले असते, रडले असते, पण मला कळलं तरी असतं मी कशात अडकलेय ते.

"तुझ्या आईला तिसऱ्या दिवशी कळलं होतं," जाम्स्रान म्हणाला. "पाण्याला गेली आणि माझ्या ट्रकचा कापलेला पाईप बघून आली. मला वाटलं आता तिचा बाप मला हाकलतो. ती काही बोलली नाही. संध्याकाळी चहाचं पातेलं मोठं चढवलं."

चुलीत कोळसा फुटला. बाहेर इंजिन चालत होतं.

"मी आई नाही, बाबा."

"ठाऊक आहे," तो म्हणाला. मग भिंतीचा आधार घेत उठला आणि कोपऱ्यातलं दुधाचं भांडं घेतलं.

सामान गाडीत आधीच भरलेलं होतं. अवजारांची पेटी, आईची रजाई, हांदा मावशीने बांधून दिलेलं सुकं मांस आणि मटण भरून गोठवलेले पिठाचे गोळे, वाटेत वाफवून खायला. चोल्मोन स्टेअरिंगवर बसली. बाप दुधाचं भांडं आणि लाकडी चमचा घेऊन पुढच्या चाकापाशी उभा राहिला. निघणाऱ्या गाडीच्या चाकांवर दूध शिंपडायचं, प्रवाशाचा रस्ता पांढरा, म्हणजे सुखाचा, व्हावा म्हणून. आई असताना आई शिंपडायची, बापाच्या ट्रकवर. तो आज पहिल्यांदाच मागे राहणाऱ्याच्या जागी उभा होता, आणि चमचा कसा धरावा हेही त्याला धड कळत नव्हतं. तिला त्याचा राग होता, आणि त्याला तसा उभा पाहून उतरून चमचा नीट धरून द्यावासाही वाटत होता. दोन्ही एकदमच.

त्याने चमचा दुधात बुडवला, वर उचलला, आणि तसाच थांबला.

"कधी पोचशील?" त्याने विचारलं.

हांदा मावशीने झटकन तोंडावर हात दाबला.

निघणाऱ्या माणसाला हे विचारत नाहीत. कुणीच विचारत नाही, पोरंसुद्धा नाहीत. वेळ विचारली की रस्त्याला राग येतो, चाक निखळतं, बर्फ उतरतो. याच जाम्स्रानने एकदा जिल्ह्याच्या एका साहेबाला ट्रकमधून उतरवून चार किलोमीटर चालायला लावलं होतं, का, तर त्याने विचारलं होतं आपण कधी पोचणार. ड्रायव्हरने वेळ बघितली की रस्ता लांबतो म्हणायचा, म्हणून मनगटावरच्या घड्याळाला त्याने कधी चावी दिली नाही. बायकोने दिलं म्हणून नुसतं बांधायचा. आणि जर कुणी चुकून विचारलंच, तर त्या दिवशी निघायचं नाही. इंजिन बंद करायचं, उतरायचं, आत जाऊन चहा प्यायचा आणि दुसऱ्या दिवशी निघायचं. दुसऱ्या दिवशी म्हणजे रविवारी. म्हणजे सोमवार गेला.

चोल्मोनचा हात आपोआप किल्लीकडे गेला. आईबापाच्या घरात वाढलेल्या मुलीचा हात तो, त्याला विचारावं लागत नाही. किल्लीवर बोटं ठेवून तिने बापाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ही पुन्हा ती सुरी होती का? की चाळीस वर्षं आत दाबलेला एक साधा प्रश्न होता, आई जो त्याला कधी विचारू शकली नाही तो? तिने नीट पाहिलं. तिला कळलं नाही. बहुतेक त्यालाही कळत नव्हतं. तो फक्त चमचा वर धरून उत्तराची वाट बघत होता, आणि चमच्यातलं दूध कडेने गोठत चाललं होतं.

इंजिन चालू होतं, शांत, एकसारखं. तिने किल्लीवरचा हात काढला आणि काच पूर्ण खाली केली. थंडी आत आली.

"उद्या संध्याकाळी सात वाजता," ती स्वच्छ, मोठ्याने म्हणाली. जन्मात पहिल्यांदा ती असं बोलली. "सातला पोचेन, सातला फोन करीन. तुम्ही फोन जवळ ठेवायचा."

हांदा मावशी डोळे मिटून पुटपुटू लागली. जाम्स्रानने एकदा मान हलवली. मग दूध शिंपडलं, पुढच्या चाकावर, मागच्या चाकावर, वळसा घालून पलीकडच्या दोन्हींवर. परत येऊन बॉनेटपाशी उभा राहिला आणि त्याने डोळे मिटले. चोल्मोन थांबली. हे ऐकल्याशिवाय तिला निघता आलं नसतं.

"ठीक चाललंय," उस्ताद म्हणाला. "काही आवाज नाही. जा."

गाडी फाटकाबाहेर पडली, बर्फावर चाकं करकरली. वळणावर तिने आरशात पाहिलं. मावशी आत गेली होती. बाप अंगणात एकटा उभा होता. त्याने हात हलवला नाही, रस्त्याकडे पाहिलंही नाही. दुधाचं भांडं बर्फात ठेवून, मान खाली घालून, डाव्या हाताच्या उरलेल्या तीन बोटांनी तो घड्याळाला चावी देत होता.